फुंकरीपुरता वेळ

"बाबा! ओ बाबा! आटपा लवकर, वीज आली!"

मुकादमाची पहिली थाप संडासाच्या दारावर पडली तेव्हा फुंकरबाबा नुकता कुठे टेकला होता. दुसरी पडली तेव्हा त्याने डोळे गच्च मिटून घेतले. तिसरीला कडी खिळखिळली.

"आलो रे! माणसाला निदान एवढं तरी..."

"एवढं-तेवढं मग करा हो. काच चाललीय सगळी तळघरात!"

फुंकरबाबा पट्टा आवळत बाहेर आला. बाटल्यांच्या यंत्रापाशी सगळी पाळी हातावर हात ठेवून उभी होती आणि सगळ्यांची तोंडं संडासाकडे होती. नवरदेवाचीसुद्धा कोणी इतक्या आतुरतेने वाट पाहत नसेल. फरक एवढाच, की नवरदेवाला हे एकदाच सोसावं लागतं.

त्या काच कारखान्यातली भट्टी कधी विझत नसे. पेटवली की वर्षानुवर्षं पेटलेली. तिच्या तोंडातून लालबुंद काच गळत राही, खाली कोणी झेलो न झेलो. यंत्र चालू असलं तर कात्री त्या धारेचा नेमका गोळा कापी, गोळा साच्यात पडे, साचा मिटे, हवेचा झोत आत शिरे आणि बाटली बाहेर येई. यंत्र बंद असलं तर तीच काच तळघरातल्या पाण्याच्या हौदात पडून चरचरत फुटे. भट्टीला गॅस होता, तिला कशाची फिकीर नव्हती. यंत्राला मात्र वीज लागे, आणि तिथली वीज म्हणजे लहरी पाहुणी. न सांगता जायची, न सांगता यायची. आली की यंत्र पुन्हा चालू करणारा माणूस अख्ख्या कारखान्यात एकच होता, आणि तो आत्ता पट्टा आवळत होता.

यंत्राचा मेंदू एका राखाडी पत्र्याच्या डब्यात होता. डबा म्हणजे कॉम्प्युटरच, पण असा जुना की त्याच्या बरोबरीच्या कॉम्प्युटरांचं भंगार होऊन त्या भंगाराच्या कढयासुद्धा झिजल्या असतील. वीज गेली की त्याला काही म्हणजे काही आठवत नसे. आपण कोण, इथे कशासाठी बसलोय, कात्री कशाशी खातात, हे सगळं त्याला दर वेळी फ्लॉपीवरून नव्याने वाचून घ्यावं लागे.

ती फ्लॉपी फुंकरबाबाच्या गळ्यात, डबीत. तो आधी चष्मा काढून सदऱ्याला पुसायचा. मग डबी उघडून फ्लॉपी काढायचा, उलटीपालटी करून पाहायचा, जणू तिच्यावर कोणी निरोप ठेवलाय. मग तिची पत्र्याची झडप बोटाने सरकवून आत एक फुंकर. जरा थांबून दुसरी. मग "चल बाई" म्हणत ती डब्याच्या फटीत सारायची, वरून अंगठा दाबून धरायचा आणि डब्याच्या कानशिलात एक हलकी चापट. डबा गुरगुरायचा, खोकायचा आणि करकरत वाचायला बसायचा. हिरवी अक्षरं पडद्यावर चढत जायची. आणि मग कात्री: खट्, खट्, खट्.

आजही तसंच झालं. पाळी आपापल्या जागी पांगली. फुंकरबाबाने संडासाकडे एकदा पाहिलं, पण आता ती इच्छाच राहिली नव्हती.

"बाटलीत यंत्र फुंकतं आणि यंत्रात बाबा फुंकतो," असं तिथे म्हणत. एक पॅकिंगवाला तर शपथेवर सांगायचा की बाबाला सर्दी झाली होती त्या आठवड्यातल्या बाटल्या नाकात बोलायच्या. अर्थात दुसऱ्यांनी करून पाहिलं नव्हतं असं नाही. तीन जणांना शिकवून झालं होतं. चांगले चलाख गडी, वीज येताच धावत जात, फ्लॉपी खटकन घालत, आणि कात्री अर्धवट मिटे, काचेचा गोळा लोंबकळे, साच्याच्या काठावर पडे, यंत्रभर लाल दोऱ्या पसरत. मग आरडाओरडा, फावडी, चिमटे. सगळं खरवडून झाल्यावर बाबाला बोलावणं. बाबा यायचा, पुसायचा, फुंकायचा, 'चल बाई' म्हणायचा, आणि यंत्र शहाण्यासारखं चालायला लागायचं. तीच फ्लॉपी, तोच डबा! मग लोकांनी काय समजायचं? फुंकरीत काहीतरी आहे, एवढंच. फ्लॉपीवर काजळी बसते, ती नीट उडवायचा हात आपल्यालाच साधलाय, असं फुंकरबाबाही धरून चालला होता. माणसाला स्वतःबद्दल असलं काही पटायला फार वेळ लागत नाही.

त्या फ्लॉपीवर जी प्रणाली होती तिला रिअल टाइम म्हणत. घरच्या कॉम्प्युटरला काम सांगितलं की तो करतो, जमेल तेव्हा. हिला 'जमेल तेव्हा' माहीतच नव्हतं. गोळा सुटला त्या क्षणी कात्री मिटली नाही, तर मग मागाहून कितीही सुरेख मिटो, उपयोग शून्य. "बरोबर पण उशिरा, म्हणजे चूक," असं फुंकरबाबा शिकाऊ लोकांना सांगायचा. हे वाक्य त्याने एकदा घरी जेवताना म्हटलं तेव्हा बायकोला हसता हसता ठसका लागला.

"कोण म्हणतंय! अहो, कोण म्हणतंय हे!"

तिचं चुकलं नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या फोटोत सगळी माणसं आहेत, बाबा नाही. त्या दिवशी वीज गेली होती. लेक पास झाली तेव्हा पेढ्याऐवजी तिला बापाच्या हातची काजळी गालाला लागली, तीही दुसऱ्या दिवशी. एकदा दोघं नवराबायको समुद्र बघायला म्हणून निघाली. बसने गावाची वेस ओलांडली आणि मागून ठणाणा करत कारखान्याची अँब्युलन्स आली. बस बाजूला घेतली. दोघे जण स्ट्रेचर घेऊनच चढले म्हणतात, बाबा चालत येणार नाही या भीतीने. सगळी बस हळहळली. एका म्हातारीने बायकोच्या पाठीवरून हात फिरवला, "धीर धर हो, वाचतील." बायको एकटीच पुढे गेली, समुद्र बघून आली. कसा होता विचारलं तर म्हणाली, "खारा."

घरात फ्लॉपीची एक जोडकॉपी कपाटात असे आणि तिच्यापायी घरात चुंबक आणायची बंदी होती. सासूबाई एकदा गुडघ्यांना चुंबकाचे पट्टे बांधून आल्या, तर जावयाने त्यांची दारातच झडती घेतल्यासारखं केलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. हा एक फायदा धरला तर धरावा.

निवृत्तीचं वय झालं. मुदतवाढ मिळाली. ती संपली, दुसरी मिळाली. तिसरीचा कागद आला त्या संध्याकाळी बायकोने बॅग भरायला घेतली. भांडण नाही, रडणं नाही. कपड्यांच्या घड्या घालत ती म्हणाली, "लेकीचं मूल दोन वर्षांचं होईल, नोकरी आहे, तिला माणूस हवंय. मी जाते. तिच्याकडे एक खोली आपल्यासाठी ठेवलीय. तुमचं यंत्र सोडेल तेव्हा या."

"येतोच की. ही एवढी मुदत..."

"हो. सावकाश या," ती म्हणाली. आणि तेच लागलं.

त्याला वर्ष होऊन गेलं. रोज संध्याकाळी फोन यायचा. नात आता घडाघडा बोलायला लागली होती आणि तिला खरे आजोबा म्हणजे जावयाचे वडील. हे 'फोनमधले आजोबा'. तिने एकदा फोन उलटा करून मागे कुठे दार आहे का ते बघितलं होतं, म्हणे.

अशा दिवसांत कारखान्यात नवी इंजिनियरबाई आली. वयाने लेकीएवढी, हसरी, आणि खिशात कायम पेचकस. पहिल्याच आठवड्यात तिने बाबाचा सगळा विधी हाताची घडी घालून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हे फ्लॉपीवरचं सगळं आपण कार्डावर टाकू या ना. कॅमेऱ्यात असायचं तसलं. फिरणारं काही नाही, झिजणारं काही नाही. वीज आली की डबा आपला आपण वाचेल आणि उभा राहील."

"आपला आपण?"

"आपला आपण. तुम्ही घरी झोपलेले असलात तरी."

फुंकरबाबाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही चहा घेता ना?"

काम काही सरळ नव्हतं. दुकानात मिळाली ती कार्डं एवढी मोठी, की बिचाऱ्या डब्याला तेवढी जागा मोजताच येईना. तो नुसताच मख्ख बसून राही. शेवटी एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या खणात तळाशी एक चिमुकलं, पुराणं कार्ड सापडलं. त्यावर कोणाच्या तरी बारशाचे फोटो होते, ते पुसले. एका पट्टीवर ते बसवून पट्टी डब्याला जोडली, म्हणजे डब्याला वाटावं, आपल्याला हार्ड डिस्कच मिळाली. पण डबा जागा झाला की कार्डाच्या अगदी पहिल्या घरात डोकावतो; पुढे कुठे जायचं तो पत्ता तिथेच हवा. तो लिहायचा राहिला तर कार्डभर सोनं भरलेलं असून उपयोग नाही. त्या पहिल्या घरापायी दोघांनी बऱ्याच दुपारी घालवल्या. एका दुपारी जुन्या सुट्या डब्यावर, कोणी हात न लावता, हिरवी अक्षरं सरसर चढली. फ्लॉपीवर चढायची तशी धापा टाकत नव्हे. पापणी लवते न लवते तोच सगळी हजर.

"काय वेगात आलं बघा!" इंजिनियरबाई खुर्चीतून उठलीच.

"बापरे," फुंकरबाबा म्हणाला. त्याने आयुष्यात इतक्या वेळेवर काही झालेलं पाहिलं नव्हतं.

मॅनेजरसाहेब भला माणूस होता. म्हणाला, "बाबा, आपण समोरासमोर बघू. मेन स्विच खाली करायचा, परत वर. तुम्ही लांब उभं राहायचं. यंत्र आपलं आपण चाललं तर पुढच्या महिन्यात तुम्ही मोकळे, माझा शब्द. नाही चाललं तर मात्र मला वर काय सांगायचं? मुदतवाढीचा कागद खणात तयार आहे. या वेळी दोन वर्षांचा."

त्या रात्री फुंकरबाबाने माळ्यावरून बॅग काढली आणि झटकून ठेवली.

बघायला सगळा कारखाना लोटला. पॅकिंगवाले, गॅसवाले, कॅन्टीनवाला हातात झारा तसाच घेऊन. फुंकरबाबाला भिंतीपाशी उभं केलं होतं आणि त्याने हात पाठीमागे धरले होते, ते आपोआप गळ्यातल्या डबीकडे जाऊ नयेत म्हणून. मुकादमाने स्विच खाली ओढला. यंत्र थंडावलं. काच खाली हौदात चरचरू लागली. स्विच वर. दिवे आले. डब्यावर अक्षरं लखकन उमटली, कात्री हलली...

आणि अर्धवट मिटली. लाल गोळा लोंबला, लांबला, साच्याच्या काठावर आपटला. पाठोपाठ दुसरा. बघता बघता यंत्राला काचेची जटा फुटली.

"बंद कर! बंद कर!"

फावडी आली, चिमटे आले. इंजिनियरबाई पांढरीफटक पडून डब्याजवळ उभी. सगळं खरवडून निघाल्यावर मुकादमाने दमून फक्त एवढंच म्हटलं, "बाबा."

फुंकरबाबा पुढे झाला. कार्ड काढलं. चष्मा पुसला. डबी उघडली. फुंकर. फुंकर. "चल बाई." चापट. खट्, खट्, खट्.

सगळ्या पाळीने जो गलका केला! दोघांनी तर बाबाला उचललंच. "बाबाशिवाय हलत नाही! कार्ड कसलं, बाबाच पाहिजे!" कॅन्टीनवाल्याने झारा वर केला. खांद्यांवर हिंदकळताना फुंकरबाबाला आढ्याच्या तुळया दिसत होत्या, त्यांच्यावरची काजळी दिसत होती. आणि खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी एक गुदगुलीही झाली. तिची त्याला इतकी लाज वाटली की खाली उतरवल्यावर तो कोणाकडे बघेना. मॅनेजरसाहेबाने खांद्यावर हात ठेवला. "काय करणार, बाबा. कागदावर उद्या सही करा."

संध्याकाळी फोन आला.

"काय झालं हो त्या कार्डाचं?"

"नाही जमलं. सगळे म्हणतात, बाबाशिवाय हलत नाही. उचललं मला खांद्यावर."



"आनंद झाल्यासारखं सांगताय."

"छे! आनंद कसला त्यात."

"नाही, असू दे झाला तर. मी आपलं म्हटलं." मग तिनेच विषय बदलला. "इकडे माझा चहाच बिघडलाय बाई. जावई वैतागतो. म्हणजे बोलत नाही, पण अर्धा कप तसाच ठेवतो."

"तुझा चहा? बिघडला?"

"मग काय तर! खाली गाडीचा आवाज आला की मी भांडं ठेवते, तर हा तीन-तीन पायऱ्या उडवत वर. पाणी नीट तापलेलं नसतं तोवर हा खुर्चीत बसलेला. मग काय, घाईघाईने पांचट पाणी देते."

"मग आधीपासून ठेवायचा."

"आधी म्हणजे कधी? मला काय स्वप्न पडतं तो केव्हा येणार ते? तुमचं बरं होतं. गाडी वाजली की मी चहा ठेवायचे. मग तुम्ही गाडी पुसणार. कुलूप लावणार. लागलं का म्हणून ओढून बघणार. चार पावलं जाऊन परत येऊन ओढणार. जिन्यात थांबून चष्मा पुसणार. तुम्ही दारात आणि चहा कपात! इतक्या वर्षांत एकदा तरी चुकला?"

"मी समजायचो, तू तयारच ठेवतेस."

"तयार कसला ठेवते! तुमच्या रेंगाळण्यावर चहा व्हायचा माझा."

फुंकरबाबाचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"हॅलो? अहो? गेली वाटतं रेंज."

"परत म्हण."

"काय?"

"ते, रेंगाळण्यावर काय व्हायचं?"

"अहो, राग आला का? गंमत केली मी."

"राग नाही," तो म्हणाला. "कपात यायला चहाला वेळ लागतो. बरोबर? आणि माणूस आधीच आला, तर..."

"तर पांचट. तब्येत बरी आहे ना तुमची?"

दुसऱ्या दिवशी मुदतवाढीच्या कागदावर सही न करताच फुंकरबाबा सरळ कारखान्यामागच्या खोलीत गेला. तिथे हवेची टाकी होती. कात्री, साचा, झोत, सगळं त्या टाकीतल्या हवेवर चाले. टाकी जुनी, कुठेकुठे सुस्कारे टाकणारी. तो तिच्यासमोर एका उपड्या बादलीवर बसला आणि विजेची वाट पाहू लागला, म्हणजे ती जायची. एरवी नको तेव्हा जाणारी वीज त्या दिवशी दुपारपर्यंत हटून बसली होती. शेवटी गेली. टाकीवरचा दाबाचा काटा भराभर खाली आला. वीज परत आली, टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर धडधडला आणि काटा निघाला वर... कसा, तर सुटीच्या दिवशी लोळणारं माणूस उठतं तसा. आधी एक कूस, मग दुसरी कूस. लांब मुकादमाची हाक येत होती, "बाबा! ओ बाबा! कुठे मेले हे बाबा!" पण फुंकरबाबा हलला नाही. बसल्या जागी त्याने चष्मा काढला. पुसला. डबी उघडली. फ्लॉपी उलटीपालटी केली. हवेतच फुंकर मारली, थांबला, दुसरी मारली. "चल बाई" म्हणून भिंतीला चापट मारली, डब्याच्या करकरीएवढा वेळ ओठ मिटून बसला आणि मग वर पाहिलं.

काटा पूर्ण चढलेला होता.

त्याने जाऊन आधी यंत्र चालू केलं, शिव्या खाल्ल्या, आणि मग इंजिनियरबाईला आणून त्या बादलीसमोर उभं केलं. त्याचं सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे काजळी-बिजळी काही नाही! तुम्ही वेळ काढत होता."

"मला कुठे माहीत!"

"आणि ते चलाख गडी वेळ काढत नव्हते. आणि माझं कार्ड तर त्यांच्याहून चलाख. मी मेली वेगावरच खूश! डबा तयार, हवा अजून झोपलेली."

"हवेचा काटाच डब्याला जोडला तर?"

"तेच करायचं खरं तर. पण त्या डब्यात आणखी एक तार घ्यायला जागा कुठाय? भरून वाहतोय तो." ती विचार करत राहिली आणि मग हसायला लागली. "बाबा, आता तुमची फुंकरच प्रोग्रॅममध्ये घालावी लागणार. अक्षरं येऊ देत, पण कात्रीला हुकूम द्यायच्या आधी थांबायचं. किती? तर तुम्हाला लागतो तेवढं."

ते 'किती' काढायला दोघं सुट्या डब्यासमोर बसली. तिने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि म्हणाली, "करा." फुंकरबाबाने केलं. पण कोणी बघतंय म्हटल्यावर तो शाळेत कविता म्हणायला उभा केल्यासारखा भराभरा उरकायला लागला. पुन्हा केलं तर चष्माच विसरला. तिसऱ्यांदा इतका सावकाश की फुंकर मारता मारता त्यालाच जांभई आली.

"बाबा, नाटक नको हो! रोजचं करा."

"रोजचं करायला रोजचं असायला नको का? हा डबा मेलेला, समोर कोण ओरडत नाही..."

तिने मोबाइल टेबलावरून काढून घेतला. जरा वेळाने सहज विचारलं, "नात किती बोलते हो आता?"

"ती? अगं, परवा फोनवर मला म्हणते," त्याने चष्मा काढला, "आजोबा, तुम्ही रात्री फोन बंद झाल्यावर कुठे झोपता?" तो पुसला, डोळ्याला लावला. "मी म्हटलं, इथेच की. तर म्हणते, मग पाय कुठे ठेवता?" डबी उघडली. फ्लॉपी पाहिली, उलटी केली. फुंकर मारली. थांबला. दुसरी मारली. "चल बाई," तो पुटपुटला, आणि चापट मारली.

इंजिनियरबाईने टेबलाखाली धरलेल्या मोबाइलवर हलकेच बोट दाबलं. फ्लॉपीच्या करकरीचा वेळ त्यात मिळवला. तेवढं थांबणं तिने कार्डावर लिहिलं, आणि थांबलेलं असताना पडद्यावर काहीतरी दिसावं म्हणून जुन्या डब्याला येणाऱ्या एकुलत्या एका लिपीत, इंग्रजी अक्षरांत, 'चल बाई' असं घातलं. फुंकरबाबाने ते वाचलं.

"हे कशाला?"

"नाहीतर डब्याला करमायचं नाही," ती म्हणाली.

पुढची परीक्षा झाली तेव्हा गर्दी नव्हती. एकदा उचललेल्या माणसाला पुन्हा बघायला कोण येतं? स्विच खाली. स्विच वर. अक्षरं लखकन आली आणि थांबली. मुकादमाने फावडं घट्ट धरलं. मॅनेजरसाहेबाने श्वास रोखला. भिंतीपाशी फुंकरबाबाचे ओठ नकळत गोल झाले होते. मग, 'आता नक्कीच बिघडलं' असं वाटायच्या बरोबर काठावर, कात्री चालली. खट्, खट्, खट्. पहिली बाटली लाल, मग नारिंगी, मग स्वच्छ होत पट्ट्यावरून निघून गेली.

मॅनेजरसाहेबाने खणातला कागद सगळ्यांसमोर फाडला.

राहिलेल्या दिवसांत फुंकरबाबा नेमाने कामावर आला. एकदा तो संडासात असताना वीज गेली, आली, यंत्र चालू झालं, आणि दारावर कोणी थाप मारली नाही. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. इतका निवांतपणा मिळाल्यावर त्याचं काय करायचं ते त्याला सुचेना. बाहेर येऊन त्याने मुकादमाला उगाचच विचारलं, "काही हाक-बिक मारली होतीस का रे?"

"मी? नाही बुवा," मुकादम म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

फोनवर बायकोने दोनदा खात्री करून घेतली. "नक्की ना? नाहीतर पुन्हा अँब्युलन्स यायची." मग म्हणाली, "फ्रीजवर नातीने चुंबकं लावलीत, प्राणी-पक्षी सगळे. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल."

"आणि खाली उतरलात की लगेच वर येऊ नका हो. जरा सामान-बिमान तपासत बसा. मी चहा ठेवते."

निघायच्या दिवशी सगळ्यांनी हात मिळवले. इंजिनियरबाईने फ्लॉपी डबीत घालून त्याच्याच गळ्यात अडकवली, "ही न्या. इथे आता कोणाला लागत नाही," असं म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. फुंकरबाबा हसला. बॅग घेऊन तो फाटकातून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर उभा राहिला.

बस दुरून वळताना दिसली आणि मागे कारखाना एकाएकी गप्प झाला.

यंत्राचा आवाज बंद झाला की तिथल्या माणसांचे कान दुखत. फाटकावरच्या वॉचमनने सवयीने हात हलवत ओरडायला सुरुवात केली, "बाबा! ओ बाबा! वीज..." आणि फाटकाचा एक पल्ला ढकलून उघडला. फुंकरबाबा रस्त्यात उतरलाही होता. मधोमध तो थांबला. इकडे उघडं फाटक, तिकडे बस. बसवाला भोंगा वाजवत होता. मग खांबावरचा दिवा लागला. म्हणजे वीज आली. आता टाकीतला काटा एक कूस बदलत असणार. पडद्यावर 'चल बाई' आलं असणार. फुंकरबाबाने बॅग खाली ठेवली नाही, चष्मा पुसला नाही, डबीला हात लावला नाही. मोठा श्वास तेवढा भरून घेतला.

खट्. खट्, खट्, खट्.

वॉचमनने एकदा मागे पाहिलं, एकदा बाबाकडे पाहिलं. मग त्याने उघडलेला पल्ला हळूच परत लावून घेतला.

फुंकरबाबा बसमध्ये चढला. खिडकीशी जागा होती. तो बसला, बॅग मांडीवर घेतली, आणि छातीत तसाच राहिलेला तो श्वास त्याने आवाज न करता सोडून दिला. काचेवर थोडी वाफ धरली. ती विरेपर्यंत तो बघत राहिला.